पुसलेल्या टेपची आठवण लिहावी का?

वाचकाचे पत्र

‘एका प्रादेशिक दूरचित्रवाणी स्टुडिओच्या व्हीटीआर विभागात, म्हणजे ध्वनिचित्रमुद्रणाच्या यंत्रांवर, मी एकोणतीस वर्षे नोकरी केली. निवृत्त होऊन बराच काळ लोटला. आता जुने सहकारी मिळून आठवणींचे पुस्तक काढत आहेत आणि त्यांनी मलाही दहा पाने लिहायला सांगितली आहेत. इतरांकडे नामवंत पाहुण्यांचे किस्से आहेत. मी सगळी वर्षे एका थंड खोलीत यंत्रांसमोर काढली. सांगण्यासारखे एकच आहे आणि तेच सांगवत नाही. टेपचा तुटवडा पडला की यादी येई आणि त्या यादीतल्या टेप मी पुसत असे. त्यांत एका वयोवृद्ध गायिकेच्या मैफलीची टेप होती. त्या बाईंचे दुसरे चित्रमुद्रण कधी झालेच नाही, हे मला फार नंतर कळले. आठ महिन्यांपूर्वी त्यांच्या नातीने माझा नंबर मिळवून फोन केला आणि ती टेप कुठे असेल असे विचारले. “चौकशी करून सांगतो,” असे म्हणालो आणि पुन्हा फोन केलाच नाही. ज्यांच्या सहीने त्या याद्या येत, तेच गृहस्थ आता पुस्तकाचे संपादक आहेत आणि “कटू काही नको” असे त्यांनी सर्वांना बजावले आहे. त्या काळी मोडीत निघालेल्या दोन कॅसेटही माझ्या घरी पडून आहेत. त्यांत काय आहे ते मला ठाऊक नाही. अजूनही रात्री हातातले घड्याळ काढून ठेवताना मला पुसण्याचे ते टेबल आठवते. मी काय लिहू? की लिहूच नको?’

(नाव न छापण्याची विनंती)

उत्तर

सप्रेम नमस्कार.

तुमचे पत्र तीनदा वाचले आणि तिन्ही वेळा घड्याळापाशी अडखळले. ज्यांनी स्टुडिओत काम केलेले नाही त्यांना त्या वाक्याचा अर्थ लागणार नाही, म्हणून आधी तो सांगते. टेप पुसण्याचे यंत्र दिसायला साध्या टेबलासारखे असे आणि त्याच्या पृष्ठभागाखाली जबरदस्त विद्युतचुंबक बसवलेला असे. बटण दाबले की टेबल गुणगुणू लागे आणि त्यावर ठेवलेले स्पूल, म्हणजे टेप गुंडाळलेले रीळ, हाताखाली थरथरे. मनगटावर चावीचे घड्याळ असले तर त्याची बारीक स्प्रिंग चुंबकाने बाधे आणि ते भलतेच पळू लागे. म्हणून कामाला हात लावण्याआधी घड्याळ काढून लांब ठेवायचे असा नियम होता. स्पूल सावकाश फिरवायचे, पालथे घालून पुन्हा फिरवायचे, यंत्र चालू असतानाच हळूहळू हातभर दूर न्यायचे आणि मगच बटण बंद करायचे. घाईने जागच्या जागी बंद केले तर टेपवर चुंबकत्वाचा डाग राही आणि पुढच्या मुद्रणात तो खरखर होऊन वर येई. थोडक्यात, पुसण्याचे कामही जीव लावून करावे लागे. तुम्ही ते तसेच केले असणार, याबद्दल मला शंका नाही. आणि तुमच्या मनाला जे टोचते आहे ते कदाचित हेच, की ते काम तुम्ही चांगले केलेत.

माझे मत आडपडदा न ठेवता सांगते. लिहा. दहांतली पाच पाने त्या टेबलाबद्दलच लिहा. मात्र मजकूर छपाईला देण्याआधी त्या नातीला फोन करा आणि हा क्रम कोणत्याही कारणाने उलटा होऊ देऊ नका. आजीचे एकमेव मुद्रण कसे गेले हे तिला एखाद्या पुस्तकाच्या पानावर वाचावे लागले, तर तुमच्या लेखनातला प्रामाणिकपणा तिच्या दृष्टीने कवडीमोलाचा ठरेल. फोनविषयी पुढे सविस्तर लिहिते, आधी लेखनाविषयी.

तुमच्यापाशी किस्से नाहीत, ही तुमची पहिली अडचण. मला ती अडचण वाटत नाही, कारण नामवंतांचे किस्से त्या पुस्तकात गरजेपेक्षा जास्तच येणार आहेत आणि त्यांतले निम्मे एकाच पाहुण्याने चहात साखर किती घेतली अशा धर्तीचे असतील. मी स्वतः तरुणपणी काही वर्षे एका स्टुडिओत शीर्षकपाट्या लिहीत असे. काळ्या पुठ्ठ्यावर पांढरी अक्षरे काढायची, पुठ्ठा स्टँडवर लावायचा आणि कॅमेऱ्याने तो टिपला की पुढचा पुठ्ठा तयार ठेवायचा, एवढेच काम. एकदा एका निधनवार्तेच्या पाटीवर दिवंगतांच्या आडनावातला काना माझ्याकडून राहून गेला आणि ती पाटी तशीच प्रसारित झाली. त्या संध्याकाळी मला कोणी एक शब्द बोलले नाही, त्यावरूनच सगळ्यांनी ती पाहिली हे कळले. स्टुडिओत येऊन गेलेल्या मोठ्या माणसांपैकी आज मला दोघे-तिघे धड आठवतात. तो काना मात्र त्याच्या जागेसकट आठवतो. कामाची आठवण अशीच असते. ती हाताला आणि चुकीला चिकटून राहते, आणि वाचकालाही तीच पटते.

म्हणून सुरुवात तारखांपासून करू नका, एका पाळीपासून करा. प्रसारणाच्या ड्युटीवर खोलीत शिरलात की पहिल्यांदा काय करत होता? कोणत्या यंत्राचे हेड, म्हणजे टेपवर चित्र उतरवणारा आणि वाचणारा भाग, आधी साफ करत होता, त्या द्रवाचा वास कसा होता, खोली यंत्रांसाठी इतकी थंड ठेवलेली असताना अंगावर काय घालत होता? खोलीचा नकाशा कागदावर काढा आणि प्रत्येक यंत्रापुढे त्याच्या खोडी लिहा. तुम्हाला हे सारे इतके सवयीचे आहे की ते सांगण्यासारखे आहे याचाच विसर पडला आहे. दोन इंची टेपवर चालणारे यंत्र अँपेक्स कंपनीने १९५६ मध्ये बाजारात आणले. त्यात चार हेड बसवलेली चकती टेपच्या रुंदीवर आडवी फिरे, आणि चित्र ६२५ आडव्या रेषांत मांडणाऱ्या पद्धतीत तिचे मिनिटाला १५,००० फेरे होत. तासाभराच्या कार्यक्रमाला सुमारे चौदाशे मीटर टेप लागे आणि ते स्पूल दोन्ही हातांनी उचलावे लागे. हे आकडे कोणत्याही तांत्रिक पुस्तकात मिळतील. मात्र चकतीने वेग घेताना तिचा सूर चढत जाई, आणि त्या सुरावरून आज यंत्र रुसणार आहे हे तुम्हाला पडद्यावर काही दिसण्याआधी कळे, ही गोष्ट पुस्तकात मिळत नाही.

त्या दहा सेकंदांबद्दल तर आवर्जून लिहा. असे यंत्र सुरू केल्याबरोबर चित्र स्थिर होत नसे. त्याला काही सेकंद लागत, म्हणून टेप चित्राच्या दहा सेकंद आधीच्या खुणेवर लावून ठेवायची आणि पॅनलवरून, म्हणजे नियंत्रण कक्षातून, निर्मात्याची ‘रोल’ अशी हाक आली की सोडायची, ही रूढ पद्धत होती. आता गंमत पाहा. ती हाक निवेदिका बोलत असतानाच द्यावी लागे, म्हणजे तिचे शेवटचे वाक्य आणि तुमची टेप एकाच क्षणी येऊन भिडायला हवी. ती रेंगाळली तर कार्यक्रमाचे पहिले शब्द कापले जात. ती लवकर आटोपली तर साऱ्या प्रेक्षकांना तिचा गोठलेला चेहरा पाहावा लागे. कोणती निवेदिका दहा सेकंदांत किती शब्द बोलते, कोण घाबरली की वेग वाढवते, कोण शेवटच्या शब्दाआधी श्वास घेते, हे त्या निवेदिकांपेक्षा तुम्हाला अधिक ठाऊक असणार. स्टुडिओच्या फ्लोअरवर पाय न ठेवता, टॉकबॅकच्या, म्हणजे स्टुडिओतल्या अंतर्गत बोलण्याच्या यंत्रणेच्या, आवाजावर आणि एका मॉनिटरवर तुम्ही त्यांना ओळखत होता. नामवंतांच्या किश्श्यांचे आणखी काय असते?

आता त्या याद्या. टेप महाग होती, कपाटे थोडी होती आणि तीच टेप पुन्हा वापरता येते हाच तिचा फिल्मपेक्षा मोठा फायदा मानला जात होता. जिथे जिथे टेप आली तिथे तिथे ती पुसली गेली. ब्रिटनमध्ये बीबीसीच्या ‘डॉक्टर हू’ या मालिकेच्या १९६० च्या दशकातल्या मूळ टेप अशाच पुसून वापरल्या गेल्या. पुढे त्यांच्या फिल्मवरच्या प्रतीही बऱ्याच नष्ट झाल्या आणि नव्वदहून अधिक भाग गमावले गेले. १९६९ मध्ये माणूस चंद्रावर उतरला, त्या वेळी जमिनीवरच्या केंद्रांनी थेट मुद्रित केलेल्या मूळ टेप बहुधा पुसून पुन्हा वापरल्या गेल्या, असा निष्कर्ष नासाला बऱ्याच शोधानंतर २००९ मध्ये जाहीर करावा लागला. त्या प्रसंगाची जी चित्रे आज आपण पाहतो ती प्रसारणासाठी रूपांतरित केलेल्या चित्रांच्या प्रतींवरून. चलच्चित्रे हा जतन करण्याजोगा ठेवा आहे, अशी शिफारस युनेस्कोच्या बेलग्रेड येथील परिषदेने संमत केली ती २७ ऑक्टोबर १९८० रोजी, म्हणजे जगात टेप-यंत्रे येऊन चोवीस वर्षे झाल्यावर.

हे मी तुमचे सांत्वन करण्यासाठी लिहिलेले नाही. तुमच्या लेखात ही माहिती एका परिच्छेदात जरूर द्या, म्हणजे आजच्या वाचकाला त्या काळचा व्यवहार कळेल आणि तो तुम्हाला एखादा विध्वंसक समजणार नाही. मात्र ‘सगळेच करत होते’ हे वाक्य लेखाचे पहिले वाक्य होऊ देऊ नका. त्या वाक्यामागे माणूस आरामात लपतो, आणि तुमचे पत्र वाचून तरी तुम्हाला लपायचे आहे असे वाटत नाही. तसे असते तर घड्याळ कशाला लिहिले असते?

एक प्रश्न विचारते, आणि तुमच्या साऱ्या लेखाचे मर्म मला यातच दिसते. पुसण्याआधी टेप तपासावी लागे. यादीवरचा क्रमांक, डब्यावरचा क्रमांक आणि टेपच्या सुरुवातीला मुद्रित केलेल्या पाटीवरचा क्रमांक जुळतो की नाही हे पाहण्यासाठी तुम्ही ती थोडी तरी चालवली असेल. त्या दिवशी तुम्ही किती पाहिले? केवळ पाटी, की पुढची काही मिनिटे? बाई कशा बसल्या होत्या? साथीदार किती होते? डोळे मिटून गात होत्या की निर्मात्याच्या खुणेकडे पाहत होत्या? मुद्रणाच्या दिवशीही तुम्हीच ड्युटीवर असाल तर प्रसारणात न आलेला भागही तुम्हाला ठाऊक असेल: कोणते गाणे त्यांनी मध्येच थांबवले, पुन्हा घेऊया असे कोण म्हणाले, दिव्यांच्या उष्णतेने त्यांना त्रास झाला का, मधल्या वेळात त्या कोणाशी काय बोलल्या. ती टेप शेवटी पाहणारा माणूस बहुधा तुम्हीच आहात. आज त्या मैफलीची जी काही प्रत शिल्लक असेल ती तुमच्यापाशी आहे, आणि तिला पुसायला यादीची गरज पडत नाही.

ही प्रत उतरवताना काळजी घ्या, कारण आपली स्मृती फार मनमिळाऊ असते. दुसऱ्याने सांगितलेलेही ती आपलेच म्हणून जवळ करते. मुद्रणानंतर उपाहारगृहात झालेली चर्चा, नंतर कोणी छापलेला लेख, नातीने फोनवर सांगितलेले आजीचे वर्णन, हे सारे एव्हाना तुमच्या आठवणीत मिसळले असेल. कागदाला दोन भाग पाडा. एका बाजूला मॉनिटरवर स्वतः पाहिलेले आणि टॉकबॅकवर स्वतः ऐकलेले, दुसऱ्या बाजूला मागाहून कानावर आलेले. शंका असेल ते दुसऱ्या बाजूला टाका. आपण फ्लोअरवर नव्हतो, त्यामुळे बाईंच्या पायांत काय होते ते आपल्याला दिसले नाही, असे सरळ लिहिलेत तर वाचक तुमच्या बाकीच्या वाक्यांवर अधिक विश्वास ठेवेल. त्या दिवशीचा कॅमेरामन, बूमवरचा (लांब दांड्यावरचा मायक्रोफोन सांभाळणारा) माणूस किंवा फ्लोअर मॅनेजर यांपैकी कोणी भेटण्याजोगे असेल तर त्यांना एकेकटे गाठा. जुन्या सहकाऱ्यांच्या मेळाव्यात हा विषय काढू नका. तिथे सर्वांत रंगवून सांगणाऱ्याची आवृत्ती दहा मिनिटांत सर्वांची आठवण होऊन बसते. त्यांच्या परवानगीने बोलणे फोनवर मुद्रित करा आणि त्यांचे तुमच्याशी जुळले नाही तर दोन्ही तसेच नोंदवा.

वर्षाबद्दल घोळ झाला तर यंत्रांकडून थोडी मदत मिळते. मोठ्या स्पुलावर होते की कॅसेटवर, कृष्णधवल की रंगीत, यावरून काळाचा अंदाज बांधता येतो. पाऊण इंची यू-मॅटिक कॅसेट १९७१ मध्ये बाजारात आली, अर्ध्या इंची बीटाकॅम १९८२ मध्ये. मात्र यंत्र बाजारात आले ते वर्ष आणि ते तुमच्या खोलीत आले ते वर्ष यांत बरेच अंतर असू शकते, आणि प्रादेशिक स्टुडिओकडे नवे यंत्र बहुधा उशिरानेच पोहोचे. एखादे नवे यंत्र उतरवून घेताना ड्युटीवर कोण होते, हे आठवले तर वर्ष आपोआप सापडेल.

आता फोन. आठ महिने झाले, आता कोणत्या तोंडाने बोलू, असे तुम्हाला वाटत असणार. आठाचे नऊ होण्याआधी बोला. आधी कागदावर चार वाक्ये लिहून ठेवा आणि तीच त्या क्रमाने सांगा: टेप उरलेली नाही, ती पुसली गेली, ती मी पुसली, आणि आठ महिने मला हे सांगण्याचा धीर झाला नाही. ‘पुसली गेली’ यावर न थांबता ‘मी पुसली’ इथपर्यंत जा, कारण पहिले वाक्य ऐकून ती “कोणी?” असे विचारणार, आणि मग दिलेले उत्तर कबुलीजबाबासारखे वाटेल. यादी कोणाच्या सहीने आली हे तिने विचारल्याशिवाय सांगू नका. विचारले तर हुद्दा सांगा, नाव सांगू नका. टेपचा तुटवडा, चंद्रावरची मोहीम, युनेस्को यांतले काहीही पहिल्या फोनवर बोलू नका. ती रागावली तर रागावू द्या. फोन ठेवून दिला तर आठवड्याने चार ओळींचे पत्र लिहा आणि पुढचे तिच्यावर सोडा. ती बोलत राहिली, तर मात्र तुमच्याकडे तिला देण्यासारखे काही आहे हे तिला सांगा. आजीला कॅमेऱ्यासमोर बसलेले पाहिलेला, दोन गाण्यांच्या मधले बोलणे ऐकलेला माणूस तिला आजवर भेटलेला नसावा.

तिच्यासोबत बसून एक शोधही घेता येईल, मात्र आशा लावताना हात आखडता ठेवा. चित्र गेले म्हणजे सारेच गेले असे नसते. ‘डॉक्टर हू’च्या हरवलेल्या भागांचा आवाज पूर्णपणे उपलब्ध आहे, कारण काही प्रेक्षकांनी घरी टीव्हीवरून ध्वनिमुद्रण करून ठेवले होते. त्याच मालिकेचे नऊ भाग नायजेरियातल्या जोस शहरातल्या एका दूरचित्रवाणी केंद्रात फिल्मच्या डब्यांत सापडल्याचे २०१३ मध्ये जाहीर झाले. ते एके काळी प्रसारणासाठी परदेशी पाठवलेल्या प्रतींपैकी होते. तेव्हा तुमच्या स्टुडिओने ती मैफल दुसऱ्या केंद्राला कधी पाठवली होती का, ध्वनिविभागाने वेगळी ऑडिओ स्पूल ठेवली होती का, छायाचित्रकाराने त्या दिवशी फोटो काढले होते का, हे विचारून पाहा. कागदही विसरू नका. क्यू शीटवर गाण्यांचा क्रम आणि प्रत्येकाची लांबी असते, प्रसारणाच्या नोंदवहीत तारीख आणि वेळ असते, कलाकारांना दिलेल्या मानधनाच्या नोंदीत साथीदारांची नावे असतात. चार कागद सापडले आणि त्यांना तुमची आठवण जोडली, तर त्या अर्ध्या-पाऊण तासात काय घडले हे पुष्कळसे उभे राहील. काहीच सापडले नाही, तरी तुम्ही शोध घेतला हे तिला कळेल.

घरातल्या दोन कॅसेटविषयी: कृपा करून त्या कोणत्याही यंत्रात घालून पाहू नका. त्या काळच्या अनेक टेपांमध्ये चुंबकीय थर धरून ठेवणारे द्रव्य हवेतला ओलावा शोषून चिकट झालेले असते. अशी टेप चालवली की तो थर सुटून हेडवर जमतो आणि टेप कायमची जाते. तज्ज्ञ अशी टेप सुमारे ५० अंश सेल्सिअस तापमानात कित्येक तास नियंत्रितपणे तापवून मगच एकदा चालवतात आणि त्याच फेरीत तिची डिजिटल प्रत काढतात. घरच्या ओव्हनचा विचारसुद्धा मनात आणू नका. कॅसेट कोरड्या, थंड जागी पुस्तकासारख्या उभ्या ठेवा, स्पीकरसारख्या चुंबक असलेल्या वस्तूंपासून लांब, आणि दृक्‌श्राव्य संग्रहाचे काम करणाऱ्या एखाद्या संस्थेशी बोला. त्या मोडीतून घरी आणल्या असल्या तरी त्यांतल्या कार्यक्रमाचे हक्क तुमचे होत नाहीत, हेही त्या संस्थेला पहिल्याच भेटीत सांगून टाका. त्यांत ती मैफल असेल या आशेवर नातीला काही बोलून ठेवू नका.

राहता राहिले संपादक. त्यांच्याबद्दल तुमच्या मनात अढी आहे आणि ती तुमच्या पत्रात एकाच वाक्यात आली असली तरी लपलेली नाही. मला ते गृहस्थ ठाऊक नाहीत. परंतु ज्या माणसाने याद्यांवर सह्या केल्या त्यालाही झोपताना काही आठवत असेल आणि ‘कटू काही नको’ हे त्याचे घड्याळ असेल, अशी शक्यता गृहीत धरून चला. लेखात त्यांचे नाव नको, चिमटेही नकोत. ‘यादी येई, तिच्यावर सही असे, आणि मी घड्याळ काढून ठेवीत असे’ एवढ्याने काम भागते. लेख त्यांना टपालाने पाठवण्याऐवजी स्वतः नेऊन द्या आणि वाचेपर्यंत समोर बसा. त्यांनी काही ओळी गाळायला सांगितल्या तर कोणत्या आणि का ते विचारा. एखादा मुद्दा खरोखरच तुमच्या नजरेतून निसटलेला असू शकतो, कारण याद्या कशा ठरत हे त्या थंड खोलीतून तुम्हाला कधीच दिसले नव्हते. काय ठेवायचे यावर तिथे वाद होत असतील, एखादी टेप त्यांनी यादीतून वाचवलीही असेल. ते सांगायला तयार झाले तर तेही लिहून घ्या. सगळेच गाळा म्हणाले, तर दहा पाने परत घ्या आणि त्यांना त्या पुस्तकासाठी दहा सेकंदांवरचा भाग तेवढा द्या; तो गोड आहे, सर्वांना आवडेल. बाकीची पाने एखाद्या ग्रंथालयाला किंवा संग्रहाला तारखेनिशी सोपवता येतात. ब्रिटनमध्ये चित्रपट आणि दूरचित्रवाणीतल्या कामगार संघटनेच्या मंडळींनी १९८७ पासून आपल्या सहकाऱ्यांच्या मुलाखती मुद्रित करण्याचा उपक्रम चालवला आहे. त्यांत पडद्यावर दिसणाऱ्यांइतकेच संकलक, ध्वनिमुद्रक, प्रकाशयोजनाकार असे पडद्यामागचे लोक आहेत. तुमच्या पानांची जागा अशाच ठिकाणी आहे.

नातीला फोन करायचा तो सकाळी करा, झोप झालेली असताना. आणि शेजारी वही ठेवा. ती जे प्रश्न विचारेल ते तिच्याच शब्दांत टिपून घ्या. त्यांतल्या काहींची उत्तरे तुम्हाला त्या क्षणी देता येणार नाहीत, मात्र दोन-तीन दिवसांनी, बहुधा भलत्याच वेळी, ती आठवतील. तेव्हा तिला पुन्हा फोन करा, आणि या खेपेस “चौकशी करून सांगतो” असे म्हटले असेल तर तो दिवसही तिला आधीच सांगून ठेवा.